दिवाळीच्या सुट्टीत पेववाडीला चालत

दिवाळीला सांगलीला तर दरवर्षी जातोच, पण यंदा पेववाडीलाही जाऊन आलो. परत आल्यावर दोघातिघांनी विचारलं की रस्ता कसा आहे, काय काय न्यायचं, म्हणून सविस्तर लिहितेय.

पेववाडी हे माइनक्राफ्ट या कॉम्प्युटर गेममधलं आमचं गाव. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दादाच्या (माझा चुलतभाऊ) कॉलेजच्या मित्रांनी सर्व्हर (सगळ्यांनी मिळून खेळायचं ऑनलाइन जग) चालू केला, तेव्हा दादा, मी आणि माझा धाकटा भाऊ, ज्याला घरात सगळे बारक्या म्हणतात, आम्ही नदीकाठचं एक तयार गाव शोधून काढलं होतं. गेम अशी गावं स्वतःच बनवतो, मधे घंटा, चारपाच घरं, गव्हाची दोन शेतं आणि हाताची घडी घालून फिरणारे गावकरी, आणि पुढे त्यात आपण काय भर घालायची ते आपल्यावर. आम्ही पहिली भर घातली ती पेवांची. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे आणि तिथल्या मातीत खोल खड्डे घेऊन त्यात हळद साठवायची जुनी पद्धत, त्याला पेव म्हणतात. 2005 च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं गेली. आजोबांनी हळदीचा व्यापार केलेला, त्यामुळे पेवाच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकलेल्या, पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आत हवा कोंडलेली असते वगैरे. तर गेममध्ये जमिनीखाली खोल्या काढून वर लाकडी झडप लावली, सगळं धान्य त्यात, आणि नाव पडलं पेववाडी.

मग नोकऱ्या लागल्या, बारक्याची बारावी आली, आणि गाव राहून गेलं. दादा अधूनमधून सर्व्हरवर असायचा पण मुख्य शहरात, गावाकडे कुणीच नाही.

वसुबारस, शुक्रवार

पुणे ते सांगली प्रवासात लिहिण्यासारखं काही नाही, कराडच्या पुढे ऊस दिसायला लागला की बरं वाटतं एवढंच. संध्याकाळी गावभागातल्या घरी पोचले तेव्हा आजी शेजारच्यांच्या गाय-वासराची पूजा करून नुकतीच आलेली, आणि बारक्या अंगणात किल्ल्यासाठी माती भिजवत होता. जेवणात शाळवाची भाकरी, कृष्णाकाठची वांगी आणि खर्डा. पुण्यात मिळणारी वांगी आणि ही वांगी यांची तुलनाच करायची नाही, बी कमी आणि साल अशी मऊ की शिजताना गळून जाते.

रात्री तिघांनी लॉगिन केलं. मी शेवटचं खेळले तेव्हा मुख्य शहरात होते त्यामुळे तिथेच उगवले. तिथून पेववाडी साधारण सहा हजार ब्लॉक (गेममधलं सगळं जग ठोकळ्यांचं, अंतरही त्यातच मोजायचं). दादा म्हणाला नेदरमधून (गेममधलं दुसरं, आगीचं जग) बोगदा आहे, तिथलं एक पाऊल म्हणजे वरची आठ, दोन मिनिटांत पोचशील. मी म्हटलं नको, आपण चालत जाऊ. नुसतं सरळ चालत गेलं तरी पंचवीसेक मिनिटांचं अंतर आहे, गेममधला एक दिवस 20 मिनिटांचा असतो, म्हणजे एक रात्र वाटेत काढावीच लागते आणि डोंगर-नद्या आल्या तर दोन.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सामान: पलंग (हे सगळ्यात महत्त्वाचं, सलग तीन रात्री झोपला नाहीत तर आकाशातून फँटम नावाचे उडते राक्षस येतात), एक होडी, दोन गठ्ठे मशाली, भाजलेले बटाटे किंवा पाव. आमच्या सर्व्हरवर एकजण झोपला तरी रात्र संपते अशी सेटिंग आहे त्यामुळे झोपायच्या आधी चॅटवर सांगायची पद्धत आहे, कुणी रात्रीचं काही काम करत असेल तर त्याचं नुकसान नको.

धनत्रयोदशी, शनिवार

सकाळी बाजार, मारुती रोडवर पाय ठेवायला जागा नाही, आकाशकंदील आणि पणत्या घेऊन आलो. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा आम्ही पुढे निघालो.

जुन्या खेळाडूंनी ही गोष्ट लक्षात ठेवा. जी जमीन आपण आधी बघितलीय ती तशीच राहते, नवीन अपडेटमधलं नवीन जग फक्त न गेलेल्या भागात तयार होतं. म्हणून आम्ही मुद्दाम जुनी वाट सोडून उत्तरेकडून वळसा घेतला. 2020 चा सपाट माळ संपला आणि समोर एकदम उंच डोंगर, 2021 च्या शेवटी डोंगर आणि गुहा बदलल्या त्यानंतरचे. आणि त्या डोंगराच्या खांद्यावर अख्खं चेरीचं बन. हे 2023 मध्ये आलं, व्हिडिओत बघितलेलं, पण आपण चढून वर जातो आणि गुलाबी पाकळ्या पडत असतात ते वेगळंच आहे. बारक्या तिथून हलायलाच तयार नव्हता. शेवटी दादाने चार रोपटी घेतली, गावात लावू म्हणून.

पुढे दुपारी लुटारूंची टोळी भेटली, झेंडेवाला पुढे आणि चौघे मागे. बारक्याने धनुष्याने झेंडेवाल्याला पाडला तर एक बाटली मिळाली. इथे नियम बदललाय. पूर्वी झेंडेवाल्याला मारलं की आपल्याला अपशकुन लागायचा आणि तसंच गावात शिरलं की गावावर हल्ला. बऱ्याच जणांची गावं अशी नकळत गेली. 2024 च्या 1.21 आवृत्तीपासून अपशकुन बाटलीत मिळतो, प्यायलात तरच लागतो. आम्ही बाटली जपून ठेवली.

नदी लागली तशी होडी काढली आणि सूर्य मावळताना पूल दिसला. हा आमचा आयर्विन पूल. खरा 1929 सालचा, सांगलीत कुणालाही विचारा कृष्णेला पाणी किती तर उत्तर आयर्विनच्या फुटांतच येतं, 40 ला इशारा आणि 45 ला धोका. गेममधला आम्ही दगडी विटांचा केलाय, कमानींसकट, आणि खांबावर दादाने काळ्या-पांढऱ्या ब्लॉकची पट्टीपण केलीय.

पुलाखालून होडी पुढे गेली आणि आम्ही तिघंही गप्प झालो. गावात दिवे होते. आम्ही सोडून गेलो तेव्हा जेमतेम चौकात मशाली होत्या, आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंदील, घंटेजवळ पाण्याचा हौद, आणि नदीच्या बाजूने जिथे रिकामं माळरान होतं तिथे ऊस. नुसता ऊस! सरळ ओळीत, दर दोन ओळींमधून पाट, पाटाच्या टोकाला झडप. गहू पिकलेला. पहिल्या पेवाच्या तोंडाशी पाटी: "कापा, पण पेरून जा. बी खाली उजवीकडे."

जवळपास कुणी खेळाडू नसेल तर गेममध्ये पीक वाढतच नाही, आपण गेलो की तो भाग जिथल्या तिथे थांबतो. म्हणजे हे एवढं सगळं पिकलंय याचा अर्थ कुणीतरी रात्र रात्र इथे येऊन राहतंय.

रविवार

यंदा धनत्रयोदशी आणि नरक चतुर्दशीच्या मधे एक दिवस मोकळा आला. घरात चकल्यांचा घाणा, काकूंनी सांगितलं स्वयंपाकघरात गर्दी नको, म्हणजे आम्हाला दिवसभर सूट.

पाटीवर लिहिलंय तसं आधी गहू कापला आणि पेरला. गावात परत गेल्यावर पहिलं काम हेच करा असं मी म्हणेन, नवीन घर बांधायला घेऊ नका. शेतात थोडा वेळ राहिलं की गावाचं चक्र कळतं. सकाळी शेतकरी त्याच्या खताच्या पेटीपाशी येतो, ग्रंथपाल वाचनाच्या स्टँडपाशी, दुपार कलली की सगळे घंटेपाशी गोळा होऊन एकमेकांकडे बघत उभे राहतात, पोरं पाठशिवणी खेळतात, आणि तो अवाढव्य लोखंडी गोलेम (गावाचा राखणदार) मधेच एखाद्या पोरापुढे लाल फूल धरतो. अंधार पडला की सगळे आपापल्या पलंगावर. आमच्या वेळी नऊ गावकरी होते, आता तीसच्या आसपास असतील. हिशोब साधा आहे, पलंग जास्त हवेत आणि त्यांच्याकडे खायला हवं, तीन पाव किंवा बारा बटाटे असले की पुरे. शेतकऱ्याला 20 गहू दिले की एक एमराल्ड (गावकऱ्यांचं चलन) मिळतो, सुरुवातीला एवढ्यावर भागतं.

दादाची जोती सगळी जशीच्या तशी. हे सांगायलाच हवं. गेममध्ये पाणी कितीही ओता, पूर येत नाही. पण दादाने पेववाडीतलं प्रत्येक घर तीन ब्लॉक उंच जोत्यावर बांधलं आणि गावकऱ्यांना चढता यावं म्हणून प्रत्येकाला पायऱ्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, आमच्या खालच्या मजल्यावर छताला लागलं होतं, आजीला होडीतून काढली. त्यानंतर वर्षभराने तो गेममध्ये घर बांधत होता आणि त्याचा हात खाली घर बांधायला तयारच नव्हता.

रात्री अकराच्या पुढे चॅटवर एक ओळ आली: "कोन हाय गावात?"

नाव पाटकरी. आम्ही तिघांनी एकदमच टाइप करायला सुरुवात केली. कळलं ते असं, हा पलूसच्या बाजूचा, घरची शेती, फोनवरून खेळतो. (आमच्या सर्व्हरवर गीझर नावाचं प्लगिन टाकलंय त्यामुळे फोनवरच्या बेडरॉक आवृत्तीवाल्यांनाही येता येतं.) शेतीची लाईट आठवड्यातून काही दिवस रात्रीची असते, तेव्हा तो दारं धरायला (पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला) जातो. एक वाफा भरेपर्यंत वेळ असतो, आजूबाजूला बिबट्याची भीती म्हणून मोटारीच्या खोलीवर चढून बसायचं, आणि तेवढ्यात पेववाडीत यायचं.

"इकडं पानी चालू, तिकडं बी चालू. दोन्ही ऊस वाढत्यात," असं त्याने लिहिलं. मग दोन मिनिटं काहीच नाही, मग "दारं मोडून आलो".

त्याच्या पाटांबद्दल दोन शब्द, कारण तसं काम मी कुठे बघितलं नाही. गव्हाच्या शेतात पाण्यापासून चार ब्लॉकपर्यंतच जमीन ओली राहते, म्हणून त्याने बरोबर दर आठ ब्लॉक सोडून पाट काढलाय. एक ब्लॉक पाण्याचा वाया नाही. ऊस मात्र पाण्याला लागूनच हवा, म्हणून तिकडे पाट जवळजवळ. उसाची तीन कांडी होतात, वरची दोन कापायची आणि बुडखा ठेवायचा, खोडवा परत येतोच.

नरक चतुर्दशी, सोमवार

पहाटे उटणं, अभ्यंग, कारिंट फोडलं, फराळ, गणपती मंदिरात जाऊन आलो. आईने बेसनाचे लाडू यंदा अप्रतिम केलेत आणि शेजारी तासगावच्या बेदाण्यांचा चिवडा. भडंग तर घरात कायमच असतं.

साडेनऊला बाटलीचा निकाल लावायचं ठरलं. पाटकरी रात्री जागलेला, तरी उठून आला. बाटली पिऊन गावात शिरलं की साधारण अर्धा मिनिट मिळतं, मग हल्ला तुम्ही उभे होता त्या जागी सुरू होतो. त्यामुळे जागा आधी ठरवा. आम्ही पुलाच्या पलीकडचं टोक धरलं, कारण पाटकरीची एकच अट होती, उसात जनावर शिरता कामा नये. रॅव्हेजर नावाचा जो रेड्यासारखा प्राणी येतो तो उभं पीक तुडवत जातो.

बारक्याने घंटा वाजवली, गावकरी घराघरात पळाले. नॉर्मल पातळीवर हल्ल्याच्या पाच लाटा असतात, हार्डवर सात. आमचं नॉर्मल. पहिल्या दोन सहज गेल्या. तिसऱ्यात रॅव्हेजर आला आणि पुलावर दादा ढाल घेऊन एकटा उभा, मी मागून बाण, आणि पाटकरी फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवरून असा काही धनुष्य चालवत होता की मी बघतच राहिले. चौथ्या लाटेत चेटकिणी आल्या, त्यात बराच वेळ गेला. पण एकही लुटारू पूल ओलांडून आला नाही.

आणि जिंकल्यावर काय होतं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. गावकरी बाहेर आले आणि फटाके उडवायला लागले. खरंच, गेममध्येच आहे ते, हल्ला परतवला की गावकरी आतषबाजी करतात, आणि आपण जवळून गेलो की वस्तू फेकतात, शेतकरी पाव देतो, भोपळ्याचा पाय देतो. आजी मागे उभी राहून बघत होती. "फराळ वाटायल्यात व्हय रे?" म्हणाली. हो आजी, फराळच.

लक्ष्मीपूजन, मंगळवार

संध्याकाळी पूजा झाली आणि पावसाची मोठी सर आली. अंगणातला बारक्याचा प्रतापगड, हळीव पेरलेला, छान हिरवा झालेला, त्यावर प्लास्टिकचा कागद धरून आम्ही उभे. बुरूज एक खचला पण माची वाचली. गल्लीतले फटाके बंद, मग लाईटपण गेली. फोनचं हॉटस्पॉट आणि लॅपटॉपची बॅटरी यावर तासभर पेववाडीत बसलो.

दुपारीच ठरलं होतं, फटाके गावाच्या उसाचे करायचे. तीन कांड्यांचा कागद होतो, कागद आणि बारूद एकत्र केली की रॉकेट. त्यात रंगाचा तारा घातला की आकाशात फुलतं. बारूद क्रीपर नावाच्या राक्षसाकडून मिळते, ती पाटकरीने वर्षभर साठवून ठेवलेली, आणि कागदाला तोटा नाही. पुलावरून चौघांनी मिळून एकेक सोडलं. बारक्याने हिरव्या रंगाची केलेली.

मग पेवात उतरलो तर तिथे तांब्याचा गोलेम. हा सप्टेंबर 2025 च्या अपडेटमध्ये आला. तांब्याच्या ठोकळ्यावर कोरलेला भोपळा ठेवला की तयार होतो आणि तांब्याच्या पेटीतला माल उचलून बाकीच्या पेट्यांत जिथल्या तिथे लावत बसतो, गहू गव्हात, बटाटे बटाट्यात. मार्केट यार्डातल्या हमालासारखा, फेऱ्यांवर फेऱ्या. दोनचार आठवड्यांत पाटकरीने हे सगळं बसवलेलं. टीप: तो हळूहळू हिरवा पडत जातो आणि शेवटी पुतळा होऊन थांबतो, त्यामुळे मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण लावून ठेवा नाहीतर अधूनमधून कुऱ्हाडीने खरवडा.

पाडवा, बुधवार

पाटकरीने जेवायला बोलावलं. दादाची गाडी, सकाळी निघालो, भिलवडीवरून औदुंबरला आधी दत्ताचं दर्शन घेतलं. घाटावर उंबरांची दाट सावली, नदी भरून शांत वाहत होती. तिथून त्याचं गाव जवळच.

मी मनात एक कॉलेजचा पोरगा धरून चालले होते. पाटकरी चाळिशीचा माणूस निघाला, दोन मुली, मोठी नववीत. तिनेच त्याला गेम टाकून दिलेला. "ताई, आत या की, दमला असाल," म्हणत वहिनी बाहेर आल्या. पाडव्याचं ओवाळणं झालेलं, दारात शेणाचे पांडव, त्यावर झेंडूची फुलं. जेवायला वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, दह्यातली मिरची, आमटी आणि पुरणपोळी. वहिनींनी पोळीवर तूप एवढं सोडलं की ताट वाकडं करून खावं लागलं.

जेवणानंतर शेतात गेलो. पेववाडीतले पाट बघितल्यावर ते शेत ओळखीचंच वाटलं, तसेच सरळ, टोकाला तशीच दारं. मोटारीच्या खोलीवर चढायला लोखंडी शिडी, वर पोतं अंथरलेलं. तिथे बसून दादाने विचारलं, तुम्हाला आमचं गाव सापडलं कसं?

तो म्हणाला, होडीतून असाच खाली येत होतो, रिकामं गाव दिसलं. "पर घरं बघितली आन् थांबलो. सगळी जोत्यावर. म्हटलं ही आपल्यातलीच मानसं हायती, 2019 बघितल्याली. गेममधी कोन कशाला जोतं बांधंल?" आणि मग त्याने ठरवलं की हे गाव पडू द्यायचं नाही.

दादा काहीच बोलला नाही. उठून उसाच्या कडेने लांबपर्यंत चालत गेला आणि बऱ्याच वेळाने आला. निघताना वहिनींनी काकवीची बाटली दिली, ती आता पुण्यात माझ्याकडे आहे आणि रोज भाकरीबरोबर चाललीय.

भाऊबीज, गुरुवार

ओवाळून झाल्यावर बारक्याने मला गेममध्ये भाऊबीज घातली, निळा हार्नेस (खोगीर). तो हॅपी गास्टसाठी, जून 2025 मध्ये आलेला उडता प्राणी, नेदरमध्ये सुकलेला सापडतो, तो आणून पाण्यात ठेवला की पिल्लू होतं आणि मोठं झालं की चारजण बसून उडता येतं. त्याने चारपाच दिवस आम्हाला न सांगता पेवामागे वाढवलेला. दादा, बारक्या, मी आणि पाटकरीची मोठी पोरगी, तिने पहिल्यांदाच लॉगिन केलेलं, असे चौघे वर गेलो. चाल फार हळू आहे, त्यामुळे घाई असेल तर उपयोग नाही, पण गाव बघायला याच्यासारखं काही नाही. चेरीची चार रोपटी पुलाच्या टोकाला लागलीत, ती वरून दिसतात.

संध्याकाळी पाळ्या ठरवल्या. पाटकरीच्या उसाला आता तोड येईल, तोडणीच्या टोळ्या यायला लागल्यात, एकदा तोड सुरू झाली की फड मोकळा होईपर्यंत त्याला फोन बघायला फुरसत नसणार. तोपर्यंत सोमवार-मंगळवार दादाकडे, बुधवार-गुरुवार माझ्याकडे, शुक्रवार बारक्याकडे, शनिवार-रविवार पाटकरीच्या पोरीकडे, पण तिचा अभ्यास झाल्यावर, ही वहिनींची अट.

तुम्हाला यायचं असेल तर शहरातून उत्तरेच्या डोंगरावरून या, चेरीचं बन चुकवू नका, नदी लागली की होडीने पुढे, पूल येईपर्यंत. बी आणू नका, भरपूर आहे. हाडांची पूड, बारूद आणि जमलं तर मेण आणा. पलंगाला जागा घंटेच्या मागच्या घरात, वरच्या खोलीत. शेतात उड्या मारत चालू नका, वाफे मोडतात. आणि उसाचा बुडखा ठेवा.